ऑर्डर कुठं घ्यायची, घरचं कुठं बोलायचं? चार-पाच ॲपच्या गोंधळात अडकलेल्या ताईंना उत्तर

ताईंचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"नमस्कार. माझं सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. आत सहा मशिनी, अन् बाहेर दहा-बारा बायका घरी बसून काज-बटन, तुरपाई करून देतात. आधी सगळं व्हॉट्सॲपवर चालायचं. मग भाचा म्हणाला टेलिग्रामवर फोटो चांगले जातात, म्हणून ते घेतलं. पुण्यातला मुलगा म्हणतो पैशाचं अन् घरचं सिग्नलवरच बोल. दिरांनी घरचा ग्रुप अरट्टाईवर नेला, आपलं स्वदेशी आहे म्हणून. गुगलचं मेसेजेस तर फोनमधे होतंच. गेल्या सीझनला पार्टीनं बदललेलं माप टेलिग्रामवर टाकलं, कटिंग मास्तर व्हॉट्सॲपवरचं जुनं माप धरून बसला, साठ शर्ट छातीत दोन इंच कमी. आता कुठलं एकच ठेवू ते सांगा. अन् ही कंपनीवाली माणसं आपलं बोलणं वाचतात का ओ? आम्ही आधार, पासबुकाचे फोटो सरळ पाठवतो. अजून एक. मागं गल्लीच्या ग्रुपवर पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून मेसेज आला, मी काळजीनं पुढं पाठवला तर मुलगा लई रागावला. माझं एवढं काय चुकलं?"

ताई, आधी साठ शर्टांचं बोलूया, कारण बाकीचं सगळं त्याच्यातच अडकलंय. तुम्ही कुठलं ॲप चांगलं असं विचारताय, पण त्या दिवशी दोन्ही ॲप चांगलीच चालत होती, मेसेज वेळेवर पोचलेले होते, फक्त माप दोन जागी राहिलं अन् शेवटचं माप कुठलं हे ठरलेलं नव्हतं. तुम्ही उद्या चारही काढून एकच ठेवलं तरी त्या एकात पार्टीची वेगळी चॅट, मास्तरची वेगळी, बायकांचा ग्रुप वेगळा, अन् माप यातल्या कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन पडणारच. म्हणून माझं म्हणणं असं की ॲप निवडायच्या आधी कुठलं बोलणं कुठं होणार हे ठरवा आणि ते सगळ्यांना सांगून टाका. ते ठरलं की दोन ॲपमधे तुमचं भागतं. धंदा अन् जगाशी बोलणं व्हॉट्सॲपवर, घरचं अन् पैशाचं सिग्नलवर. बाकीच्यांचं पुढं सांगते.

धंद्याला व्हॉट्सॲपच का, तर माणसं तिथं आहेत म्हणून, दुसरं मोठं कारण नाही. तुमची हैदराबादची पार्टी, गुलबर्ग्याचा शाळेवाला, नव्या पेठेतला कापडवाला, बटन-झिपवाला, टेम्पोवाला, हे सगळे तिथंच असणार आणि तुमच्यासाठी कोणी नवीन ॲप टाकणार नाही. गिऱ्हाइकाला आपण हलवायचं नसतं, गिऱ्हाईक जिथं आहे तिथं आपण जायचं असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. फक्त साधं व्हॉट्सॲप नको, व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ते 2018 पासून आहे, छोट्या धंद्याला फुकट आहे, आणि त्यात लेबल नावाची एक गोष्ट आहे ती तुमच्यासाठी सोन्यासारखी आहे. प्रत्येक चॅटला रंगीत पट्टी लावता येते, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, ऑर्डर पूर्ण, अशी. जूनमधे शाळा सुरू व्हायच्या तोंडावर पन्नास पार्ट्या एकदम अंगावर येतात तेव्हा पैसे बाकी या लेबलवर बोट ठेवलं की सगळे बाकीवाले एका खाली एक दिसतात, वही उलटत बसावं लागत नाही. कॅटलॉगमधे तुमचे शर्ट, ट्युनिक, पीटीचे ड्रेस फोटोसकट टाकून ठेवा, दर टाकायचा नसेल तर नका टाकू. शक्यतो धंद्याचा नंबर वेगळा ठेवा, म्हणजे रात्री अकराला पार्टीनं फोन केला तर तो घरच्या नंबरवर वाजत नाही. साधं व्हॉट्सॲप अन् बिझनेस ही दोन वेगळी ॲप आहेत, एकाच फोनमधे दोन्ही राहतात, दोन सिम असले की झालं.

आता माप. एक ग्रुप काढा, नाव सरळ "फक्त माप" द्या, त्यात तुम्ही, मास्तर, अन् जो कोणी कापड पसरतो तो, एवढीच माणसं. ग्रुपच्या सेटिंगमधे फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील असं करून टाका, म्हणजे गुड मॉर्निंगची फुलं अन् वाढदिवसाचे केक तिथं येणार नाहीत. पार्टीनं माप कुठंही पाठवू द्या, ईमेलवर पाठवू द्या, फोनवर सांगू द्या, चिठ्ठीवर लिहून देऊ द्या, ते तुम्ही स्वतः वाचून या ग्रुपमधे टाकायचं, त्याच्यात पार्टीचं नाव, तारीख, इयत्ता, छाती, उंची, बाही, नग किती, अन् तो मेसेज पिन करायचा, म्हणजे ग्रुपच्या अगदी वर चिकटवून ठेवायचा. पिन 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस राहतो, तुम्ही 30 दिवसच ठेवा. माप बदललं तर जुना पिन काढायचा, नवीन लावायचा आणि मास्तरला तोंडानं सांगायचं, "मास्तर, अमक्या शाळेचं माप बदललंय, वर बघा". मास्तरनं कात्री लावायच्या आधी वर पिन केलेलं बघायचं, एवढा एकच नियम. अन् पाठवलेल्या मेसेजमधे एडिट करून माप बदलू नका, ती सोय 15 मिनिटांपुरती असते हे खरं पण तेवढ्यात कोणी जुनं वाचून कागदावर उतरवून घेतलं तर परत तेच साठ शर्ट होतील. नवीन माप म्हणजे नवीन मेसेज. पार्टीकडून पण एक करून घ्या, ग्रुपमधलं माप त्यांना परत पाठवा आणि "हे बरोबर आहे का, असं कापू का" विचारा, त्यांचं "हो" आल्याशिवाय कापड मांडायचं नाही. उद्या वाद झालाच तर तो "हो" तुमच्याकडं तारीख-वेळेसकट असतो.

घरी काम करणाऱ्या बायकांचं वेगळं आहे. तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्या सोलापुरात अशा दहा जणीत चार-पाच जणी तरी घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणाऱ्या असतात, मराठी बोलतात छान पण टाईप केलेलं वाचायचा कंटाळा, काहींना वाचताच येत नाही, आणि बऱ्याच जणींचा फोन दिवसभर पोराकडं असतो. त्यांना लांबलचक मेसेज टाकून काही उपयोग नाही. बोलून पाठवा. व्हॉइस मेसेजमधे सांगा, "अमुक ताई, उद्या सकाळी 40 नग काजाला येतायत, परवा संध्याकाळपर्यंत पाहिजेत", अन् जमलं तर तेलुगू येणाऱ्या कोणाकडून तेच तेलुगूत बोलून घ्या. बटन कुठं लावायचं ते एका शर्टावर बोट ठेवून दाखवत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, तो शंभर ओळींच्या मेसेजपेक्षा लवकर कळतो. आणि ज्यांच्याकडं साधा बटनाचा फोन आहे त्यांना फोनच करा, त्यांना कुठल्या ॲपमधे ओढायच्या भानगडीत पडू नका.

भाच्याचं फोटोबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो दाबून बारीक होऊन जातो, हे खरं, पण टेलिग्रामवर साधा टाकला तरी दाबला जातोच, तिथं फाईल म्हणून पाठवला तर मूळचा जसाच्या तसा जातो. आणि व्हॉट्सॲपमधेही तसंच करता येतं, फोटोचं चिन्ह न दाबता डॉक्युमेंटमधे जाऊन तो फोटो निवडायचा, मूळ फोटो आहे तसा पोचतो, 2 जीबीपर्यंतची फाईल दोन्हीकडं जाते. तेव्हा निव्वळ फोटोसाठी टेलिग्राम ठेवायची गरज उरत नाही. पण ताई, कापडाचा शेड फोटोवर कधीच पास करून घेऊ नका, कुठल्याच ॲपवर नाही. नेव्ही ब्लू तुमच्या फोनवर काळपट दिसतो अन् पार्टीच्या फोनवर निळाशार, कारण प्रत्येकाच्या स्क्रीनचा रंग वेगळा, ट्यूबलाईटखाली काढलेला फोटो वेगळा, उन्हातला वेगळा. हातभर कापडाचा तुकडा कुरिअरनं नाहीतर एसटी पार्सलनं पाठवा, त्याच्यावर सही करून परत मागवा, दोन-तीन दिवस जातात पण पूर्ण लॉट परत येण्यापेक्षा ते परवडलं.

आता तुमचा मोठा प्रश्न, आपलं बोलणं कोण वाचतं का.

व्हॉट्सॲपमधे 2016 पासून एंड टू एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधे कुलूपबंद होतो अन् समोरच्याच्या फोनमधेच उघडतो, मधे कंपनीला तो वाचता येत नाही. ते कुलूप ज्या पद्धतीचं आहे ती पद्धत सिग्नलवाल्यांनीच बनवलेली आहे, व्हॉट्सॲपनं ती घेतली. तेव्हा मेसेजच्या मजकुराबद्दल दोन्ही सारखीच. फरक बाहेरच्या गोष्टीत आहे. तुम्ही कोणाशी बोलता, किती वाजता बोलता, कुठल्या ग्रुपमधे आहात, कुठला फोन वापरता, असली माहिती व्हॉट्सॲपकडं राहते, आणि व्हॉट्सॲप हे फेसबुकवाल्या मेटा कंपनीचं आहे, त्यांनी 2014 मधे ते 19 अब्ज डॉलरला घ्यायचा सौदा केला, त्यांचं पोट जाहिरातीवर चालतं. सिग्नल एक फाउंडेशन चालवतं, नफ्यासाठी नाही, देणग्यांवर. व्हॉट्सॲप सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, ब्रायन ॲक्टन, त्यानंच फेसबुक सोडून 2018 मधे सिग्नल फाउंडेशनला 5 कोटी डॉलर दिले. 2016 मधे अमेरिकेत कोर्टाच्या हुकमानं सिग्नलकडं एका नंबरची माहिती मागितली तर त्यांच्याकडं द्यायला दोनच गोष्टी निघाल्या, खातं कधी उघडलं अन् शेवटचं कधी जोडलं गेलं. नाव नाही, यादी नाही, ग्रुप नाही. तुमचा मुलगा जे सांगतोय ते याच कारणानं सांगतोय आणि तो बरोबर सांगतोय. बँकेचं, जमिनीचं, आजारपणाचं, सुनेच्या बाळंतपणाचं, पोरीच्या स्थळाचं, हे घरचं बोलणं सिग्नलवर असू द्या. घरात चार-पाच माणसं आहेत, ती सगळी एका रविवारी बसून टाकतील, जगाला हलवायची तिथं गरजच नाही.

टेलिग्राम सुरक्षित आहे असा आपल्याकडं एक समज आहे, तो मला काळजीचा वाटतो म्हणून जरा जोर देऊन सांगते. टेलिग्रामवरचं साधं बोलणं एंड टू एंड नसतं, ते त्यांच्या सर्व्हरवर साठवलेलं राहतं, म्हणूनच नवीन फोनवर लॉगिन केलं की जुनं सगळं आपोआप दिसतं. सोय मोठी आहे, पण त्याची किंमत ही आहे. सीक्रेट चॅट नावाचा वेगळा प्रकार आहे तो एंड टू एंड असतो, पण तो मुद्दाम उघडावा लागतो, दोघांमधेच चालतो, ग्रुपला नाहीच. तेव्हा पासबुकाचे फोटो तिथं अजिबात नकोत. टेलिग्राम चांगलं कशाला, तर चॅनलला. पोरांच्या स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, जाहिराती, दोन लाख माणसांचे ग्रुप, हे तिथं मस्त चालतं. भाचा एमपीएससी करत असेल तर त्याला राहू द्या, तुम्ही काढून टाका. फक्त काढताना नुसतं ॲप डिलीट करू नका, आधी पार्टीला व्हॉट्सॲपवर कळवा की आता ऑर्डर इथंच द्या, मग टेलिग्रामच्या सेटिंगमधे जाऊन खातं बंद करा, नाहीतर पार्टी तिकडं मेसेज टाकत बसेल अन् तुम्हाला वाटेल ऑर्डरच नाही. आणि भाच्यालाही सांगा, टेलिग्रामवर कोणी घरबसल्या रेटिंग द्यायचं काम देतो, शेअरच्या टिप देतो म्हणालं तर तिथं एक रुपया टाकायचा नाही, सुरुवातीला दोन-पाचशे परत देतात आणि मग लाखाला बुडवतात.

दिरांच्या अरट्टाईबद्दल. ते चेन्नईच्या झोहो कंपनीचं आहे, 2021 पासून आहे, 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधे एकदम लोकांची झुंबड उडाली, मंत्र्यांनी पण सांगितलं. आपल्या देशात बनलेलं वापरावं हे दिरांचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि झोहो ही नावाजलेली, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली कंपनी आहे. पण त्या झुंबडीच्या वेळी तिथं कॉलला एंड टू एंड होतं, साध्या मेसेजला नव्हतं, कंपनीनं ते काम नंतर हाती घेतलं. तुमच्या फोनमधल्या चॅटला आता ते आहे का, हे चॅटच्या माहितीत जाऊन बघा, असेल तर घरचा ग्रुप तिथं राहिला तरी माझी हरकत नाही. नसेल तर नुसत्या लग्नाच्या तारखा, सणाचे फोटो, एवढंच तिथं ठेवा. आणि एक लक्षात असू द्या, हाईक नावाचं मेसेंजर आपलंच होतं, दिल्लीत बनलेलं, पोरांमधे लई चाललं, 2021 च्या जानेवारीत बंद झालं. ब्लॅकबेरीचं बीबीएम एवढं मोठं, ते पण 2019 मधे गेलं. देशी असो का परदेशी, कुठल्याही एका ॲपवर धंद्याचा हिशेब सोडून देऊ नये. महिन्याच्या शेवटी ऑर्डर, बाकी, पार्टीचे नंबर वहीत उतरवा, ते काम ॲपला देऊ नका.

गुगलचं मेसेजेस राहू द्या. बँकेचे, वीजबिलाचे, ओटीपीचे मेसेज तिथंच येतात, त्याला काही करायचं नाही.

आता ती गोष्ट जी मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते आणि तुमच्या पत्रात जिचा उल्लेखच नाही. कुलूप कितीही भारी असलं तरी बोलणं फुटतं ते बहुतेक वेळा कंपनीतून नाही, आपल्याच हातातून फुटतं. नव्या पेठेत नाहीतर कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानात काय चालतं बघा. भिंतीवर व्हॉट्सॲप नंबर चिकटवलेला, माणूस येतो, आधारचा फोटो त्या नंबरवर टाकतो, दुकानदार कॉम्प्युटरवर उघडतो, प्रिंट देतो, पाच रुपये घेतो, माणूस जातो. तो फोटो त्या कॉम्प्युटरवर तसाच राहतो, दिवसाला शे-दीडशे लोकांचे आधार, पॅन, पासबुक, सातबारा एकाच फोल्डरमधे. दुकानदार भला माणूस असेल, पण तो कॉम्प्युटर कोण कोण हाताळतं? काहीजण तर स्वतःचं व्हॉट्सॲप तिथं कोड स्कॅन करून उघडतात आणि बंद न करताच जातात, मग घरी बसून तुम्ही जे बोलता ते दुकानातल्या स्क्रीनवर येत राहतं. व्हॉट्सॲपमधे वर तीन टिंबं दाबून लिंक्ड डिव्हायसेसमधे आत्ताच्या आत्ता जाऊन बघा, तिथं तुमच्या ओळखीचं नसलेलं काही दिसलं की त्याच्यावर बोट ठेवून लॉग आउट करा. आणि आधार द्यायचंच तर मास्क्ड आधार द्या, आधार देणाऱ्या सरकारी यूआयडीएआयच्या साईटवरून डाउनलोड होतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. प्रिंटसाठी पेनड्राईव्ह नेला तर उत्तम, नाहीतर पाठवलेला फोटो प्रिंट झाल्याझाल्या सर्वांसाठी डिलीट करा अन् दुकानदाराला त्याच्या कॉम्प्युटरवरून पण काढायला लावा, समोर उभं राहून. त्याला राग येत नाही, मी रोज बघते.

दुसरी फट बॅकअपची. व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कुलूपबंद असतात, पण त्यांची रोज रात्री जी कॉपी गुगल ड्राईव्हवर जाते तिला हे कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंग, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप, तिथं एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप म्हणून आहे, ते चालू करा अन् पासवर्ड द्या. तो पासवर्ड विसरला तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही, सगळं गेलं समजा, म्हणून तो कागदावर लिहून सोन्या-नाण्याच्या कपाटात ठेवा, फोनमधे नाही. ही कॉपी तुमच्या गुगलच्या फुकट 15 जीबीतच मोजली जाते, त्यामुळं कारखान्याचे व्हिडिओ बॅकअपमधे घेऊ नका, जागा भरली की ईमेल पण यायचं थांबतं. सिग्नलचं उलटं आहे, तिथं तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय बॅकअपच होत नाही. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, की जुनं बोलणं गेलं. आता त्यांनी बॅकअपची सोय दिलीय, तिची 64 अक्षरांची एक किल्ली असते, ती पण त्याच कपाटात. मुलाला म्हणावं नुसतं सिग्नल टाक सांगून जाऊ नकोस, पुढच्या वेळी आलास की हे बसवून दे.

तिसरं, पिन. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे अकाउंटमधे टू स्टेप व्हेरिफिकेशन आहे, तिथं सहा आकड्यांचा पिन लावा, जन्मतारीख नको, पोराच्या गाडीचा नंबर नको. ओळखीच्याच नंबरवरून "चुकून तुमच्याकडं सहा आकड्यांचा कोड आलाय, जरा सांगा" असा मेसेज येतो, तो कोड दिला की तुमचं व्हॉट्सॲप त्यांच्या फोनमधे उघडतं, आणि मग तुमच्या नावानं तुमच्या पार्ट्यांना "अर्जंट वीस हजार टाका" जातं. धंदेवाल्या माणसाचं नाव यातच खराब होतं. पिन लावलेला असेल तर नुसत्या कोडवर त्यांचं काम होत नाही. कोणी कुरिअरवाला म्हणून फोन करून स्टार चारशे एक असं काहीतरी डायल करायला सांगत असेल तर करू नका, त्यानं तुमचे कॉल त्याच्याकडं वळतात अन् कोड सांगणारा कॉल पण त्यालाच जातो. आणि लग्नपत्रिका, गाडीचं चलान, शेतकरी योजना अशा नावानं येणाऱ्या फाईलच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नव्हेच, ते फोनमधे घुसणारं ॲप आहे, ते ओटीपी वाचतं. लग्नसराईत अशा फाईली ओळखीच्या नंबरवरूनच येतात, कारण त्या बिचाऱ्याचा फोन आधी गेलेला असतो. पैसे गेलेच तर लाज धरत बसू नका, तिथल्या तिथं 1930 ला फोन लावा, जितक्या लवकर तेवढी रक्कम अडवायची शक्यता जास्त, मग शांतपणे सायबर पोलिसात जा.

आणि आता मुलाचा राग. ताई, हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगायलाच पाहिजे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा गावात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती, त्यातली बहुतेक आपल्याच जिल्ह्यातली, मंगळवेढा तालुक्यातली. गावागावात मोबाईलवर फिरत होतं की पोरं पळवणारी टोळी आलीय. तुमच्याकडं आला अगदी तसलाच मेसेज. ज्यांनी तो पुढं पाठवला असेल त्यातल्या बहुतेकांनी तुमच्यासारखाच पोराबाळांच्या काळजीनं पाठवला असणार, कोणाच्या मनात कोणाला मारायचं नव्हतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, आणि 2020 पासून जो मेसेज लई हातांतून फिरलेला असतो, ज्याच्यावर दोन बाण दिसतात, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते दोन बाण दिसले की थांबा. खरंच काळजी वाटली तर ग्रुपवर टाकू नका, 112 ला फोन करा, नाहीतर जवळच्या चौकीत विचारा. मेसेज खोटा निघाला तर ज्या ग्रुपवर तुम्ही टाकला होता तिथंच जाऊन "मी पाठवलेलं खोटं होतं, पुढं पाठवू नका" असं लिहा. अजून लिहिलं नसेल तर आज लिहा. आणि मुलाला सांगा की कळलं मला, त्याचा राग बरोबर होता, फक्त आईशी बोलायची पद्धत जरा नीट ठेवायला हरकत नव्हती.

हे सगळं एका दिवसात करू नका. या आठवड्यात फक्त मापाचा ग्रुप आणि तो सहा आकड्यांचा पिन. पुढच्या आठवड्यात बिझनेस ॲप अन् लेबल, मग बॅकअप. टेलिग्राम सगळ्यात शेवटी काढा, हातातल्या ऑर्डरी उरकल्यावर, आणि त्यातले पार्टीचे जुने माप, फोटो, हिशेबाचे मेसेज आधी बाहेर काढून घ्या, कॉम्प्युटरवरच्या टेलिग्राम डेस्कटॉपमधून पूर्ण चॅट एकदम एक्स्पोर्ट होते, भाच्याला सांगा, त्याचंच काम आहे ते. आणि बिझनेस ॲपला साधं व्हॉट्सॲप ज्या नंबरवर आहे तोच नंबर दिलात तर साधं तिथून बंद होऊन सगळं बिझनेसमधे सरकतं, म्हणून घरचा नंबर तिथं टाकू नका, धंद्याच्या सिमचाच टाका.